एकेचाळिसावा झोका

चाळीसरावांचं काम ऐकलं की लोक आधी हसायचे आणि मग हळूच विचारायचे, याचा पगार मिळतो? मिळायचा. वेळच्या वेळी मिळायचा. शहरातल्या सगळ्या सार्वजनिक बागांमधली खेळणी तपासणं हे त्यांचं काम, आणि तपासणं म्हणजे लांबून बघून मान डोलावणं नव्हे. ऑफिसात तपासणीचं एक जुनं हिरवं पुस्तक होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की तपासनीसाने प्रत्येक खेळणे स्वतः वापरून मगच शेरा लिहावा. घसरगुंडी तीन वेळा. गोल फिरणारा पाट वीस फेऱ्या. झोपाळा चाळीस झोके. त्यातले पहिले दहा हळू, मधले वीस पूर्ण जोरात आणि शेवटचे दहा पाय न हलवता, साखळीच्या आवाजाकडे कान देऊन. तर चौतीस वर्षं हा माणूस इस्त्रीचा शर्ट, काळे बूट आणि छातीला बिल्ला लावून घसरगुंडीवरून खाली येत होता, आणि खाली आला की पँट झटकून, खिशातली वही काढून लिहीत होता: ‘ठीक’.

चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. सी-सॉला दोन माणसं लागतात, म्हणून बागेचा माळी समोर बसायचा. दोघं आळीपाळीने वर जायचे आणि खाली यायचे, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या माणसांसारखे, एकमेकांकडे न बघता. गोल पाटाने त्यांना गरगरायचं. ते तोंडात लवंग धरायचे आणि वीसच्या वीस फेऱ्या पुऱ्या करायचे.

खरं नाव त्यांना होतं, पण ते पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. नोकरीला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात ऑफिसने त्यांचं नाव ‘चाळीस’ पाडलं, कारण अडतीस झोके झाल्यावर पाऊस कोसळायला लागला तरी हा गडी उरलेले दोन पुरे करूनच उतरणार. आणि चाळिसाच्या पुढे एकही घेणार नाही. एकदा संध्याकाळी हवा छान सुटली होती, तेव्हा माळी म्हणाला होता, साहेब, घ्या की अजून एक, कोण बघतंय. चाळीसराव पाय टेकवून म्हणाले, “चाळीस कामाचे. पुढचा हरामाचा.” म्हणजे सव्विसाव्या वर्षी चाळीस झालेला आणि साठाव्या वर्षीही चाळीसच राहिलेला हा एकमेव माणूस. पण कोणी त्यांना ‘मनाने तरुण’ म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. मी खेळत नाही, तपासतो, एवढंच ते म्हणायचे आणि पुढच्या बागेकडे चालू लागायचे.

घरी तर त्यांनी एवढंही सांगितलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा ‘तपासनीस’ म्हणून सांगितलं होतं. सासऱ्यांनी मनाशी ठरवून टाकलं की जावई दुकानांतली वजनमापं तपासतो, आणि जावयाने ते खोडून काढलं नाही. नव्या नवरीला काय सांगणार, की मी सकाळी नऊ ते पाच घसरगुंडीवर असतो? मग जे पहिल्या दिवशी सांगता आलं नाही ते दुसऱ्या दिवशी अवघड झालं, आणि वर्षभराने तर अशक्यच. पँटचं बूड दर दोन-तीन महिन्यांनी झिजायचं. ऑफिसच्या खुर्च्यांचं लाकूड फार खरखरीत आहे, असं ते म्हणायचे. बायको एकदा म्हणाली, उशी शिवून देऊ का? ते म्हणाले, ऑफिसात चालत नाही. ती बरं म्हणाली आणि आतून दुहेरी कापड लावायला लागली. तेव्हापासून पँट सहा महिने टिकायची.

साठीला निवृत्त झाले. समारंभात एकामागून एक सहा जण बोलायला उठले आणि सहाही जण ‘चिरतरुण’ हा शब्द वापरून खाली बसले. त्यानंतर ऑफिसतर्फे भेट दिली. भेट म्हणजे काठी होती. चांगली पॉलिश केलेली, मुठीला रबर लावलेली.

त्यांच्या जागी माणूस भरला नाही, वाळूची पिशवी आणली. साठ किलोची, पट्टे लावलेली, वर आकडे दाखवणारी डबी. ती गाडीतून यायची, दोन मजूर तिला झोपाळ्यावर बसवायचे, झोका द्यायचे, डबीत हिरवा दिवा लागला की पुढच्या बागेत. कोणी तरी चाळीसरावांना खोचकपणे विचारलं, काय, वारसदार कसा वाटतो? ते म्हणाले, वेळेवर येतो.

इथवर सगळं जगरहाटीप्रमाणे झालं. पुढे घोडं अडलं.

चाळीसरावांच्या घराजवळच्या कोपऱ्यावर एक लहानशी बाग आहे. तीन झोपाळे, एक घसरगुंडी, चार बाकं आणि फाटक. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी तिथल्या एका बाकावर जाऊन बसायला लागले, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून. शेजारच्या बाकावर त्यांच्या वयाची मंडळी जमायची. मन तरुण ठेवायचं बघा, असं एक जण म्हणायचा, बाकीचे माना हलवायचे आणि मग कोणाची गोळी जेवणाआधी आणि कोणाची नंतर यावर तासभर बोलायचे. मन तरुण ठेवा म्हणणारा माणूस सहसा बाकावरून उठत नाही, हे चाळीसरावांनी आठवड्याभरातच ताडलं. मुलगी दुसऱ्या शहरात असते, ती फोनवर सांगायची, बाबा, एखादा छंद लावून घ्या. ते हो म्हणायचे.

त्यांना काय होतंय हे त्यांच्या आधी फाटकावरच्या बाईला कळलं. ही बाई बागेची राखण करते, झाडलोट करते आणि कोणाचं ऐकून घेत नाही. एके दिवशी ती झाडू घेऊन बाकाखाली वाकली आणि म्हणाली, काका, तुमच्या बाकाखालीच तेवढे खड्डे पडतायत, बाकीच्यांच्या बाकाखाली नाही. त्यांनी खाली पाहिलं. बुटांच्या टोकांनी मातीत दोन चर पडले होते. समोर कोणी पोर झोके घ्यायला लागलं की यांचे पाय आपोआप पुढे ताणले जायचे आणि मागे दुमडायचे, पुढे ताणले जायचे आणि मागे दुमडायचे. वर तोंड तेच, दगडी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं ते पायांत राहिलं होतं.

मग एकदा सकाळी साडेअकराला, पोरं शाळेत होती, म्हातारे घरी जेवायला गेले होते, बाग रिकामी होती. चाळीसराव उठले. मधल्या झोपाळ्यापाशी गेले. साखळीला हात लावला.

“काका, पाटी वाचा,” फाटकावरून आवाज आला.

पाटी तिथेच होती. बारा वर्षांवरील व्यक्तींनी झोपाळ्यावर बसू नये. खाली बारीक अक्षरांत: तपासनीस सोडून.

“ही पाटी मीच लिहिली आहे,” चाळीसराव म्हणाले. खरंच त्यांनी लिहिली होती, वीस वर्षांपूर्वी, कॉलेजातल्या चार दांडगटांनी एक झोपाळा मोडला तेव्हा.

“मग तर पाठच असेल,” बाई म्हणाली आणि झाडायला लागली.

ते परत बाकावर येऊन बसले. त्यांना अपमान वाटला नाही; नियम बरोबर होता आणि बाईही बरोबर होती. त्यांना नुसतं वाईट वाटलं, आणि ते इतकं वाटलं की घरी जाऊन ते जेवलेही नाहीत.

त्यानंतर चार दिवसांनी त्यांना आवाज ऐकू यायला लागला. मधला झोपाळा मागे जाताना बारीक ‘कुई’ करतो, असा. वरचा आकडा, ज्यात साखळी अडकवतात तो, झिजला असणार. त्यांनी कागद काढला आणि ऑफिसला लिहिलं: मधल्या झोपाळ्यातून संशयास्पद आवाज येतो, अनुभवी व्यक्तीने प्रत्यक्ष बसून खात्री करणे आवश्यक. ‘अनुभवी व्यक्तीने प्रत्यक्ष बसून’ याच्या खाली त्यांनी पट्टी धरून रेघ मारली. आता बोलावतील, असं त्यांना वाटलं. सर, या, एकदा तुम्हीच बघा. त्यांनी बिल्ला शोधून पुसून ठेवला.

बोलावलं नाही. वाळूची पिशवी आली, बसली, हिरवा दिवा लागला, गेली. ऑफिसचं उत्तर आलं: दोष आढळला नाही. चाळीसरावांना राग आला. पिशवीला कान असतात का? त्या रागात त्यांनी दुसरं पत्र लिहिलं आणि त्यात ‘धोकादायक’ हा शब्द घातला.

आणि हेच हात दाखवून अवलक्षण झालं. कारण बागखात्याच्या प्रमुख आता ज्या मॅडम आहेत, त्या पंधरा वर्षांपूर्वी चाळीसरावांच्या हाताखाली नव्याने लागल्या होत्या, आणि शेरे कसे लिहायचे, तक्रारी कशा निपटायच्या हे सगळं त्यांनीच मॅडमना शिकवलं होतं. जाणत्या माणसाने दुसऱ्यांदा ‘धोकादायक’ लिहिलं तर वाद घालत बसू नका, सरळ काढून टाका. झोपाळा परत बसवता येतो, पोराचे दात परत बसवता येत नाहीत. हे वाक्य चाळीसरावांचंच. मॅडमचं उत्तर चार दिवसांत आलं. आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा मान राखून तिन्ही झोपाळे सोमवारी सकाळी साडेदहाला काढण्यात येतील. त्या जागी ज्येष्ठ नागरिकांसाठी बसल्या बसल्या पायाने फिरवायचं व्यायामाचं चाक बसवण्यात येईल, गोदामात एक शिल्लक आहे.

पत्र आलं शुक्रवारी. शनिवारी चाळीसराव बागेत गेले आणि पोरांची गर्दी असताना डोळे मिटून ऐकत बसले. अर्धा तास ऐकलं. डावा झोपाळा कुई करत होता, उजवाही करत होता, मधलाही करत होता. जगातला प्रत्येक झोपाळा तेवढा आवाज करतोच. थोडं वंगण घातलं की चार महिने गप्प बसतो. चौतीस वर्षांत त्यांनी त्या आवाजाला शेकडो वेळा ‘ठीक’ लिहिलं होतं. म्हणजे कान खोटं बोलत नव्हते, दुसरंच कोणीतरी बोलत होतं. समोर सात-आठ पोरं रांगेत उभी होती आणि पुढच्याला ‘झाले तुझे, उतर’ म्हणून ओरडत होती. सोमवारनंतर त्यांनी शाळा सुटल्यावर येऊन कोणाला ओरडायचं, म्हाताऱ्यांच्या चाकाला?

गप्प बसलं असतं तर काहीच झालं नसतं, हे लक्षात घ्या. झोपाळे गेले असते, आणि जाणत्या माणसाने वेळीच ओळखलं म्हणून चाळीसरावांचं नाव झालं असतं. खरं सांगायचं तर चौतीस वर्षांत एकही खोटा शेरा न लिहिलेल्या माणसाने निवृत्त होऊन खोटी तक्रार केली, ती का, तर, हे ‘का’ तोंडाने सांगायचं कसं, हाच प्रश्न होता. साठी बुद्धी नाठी, असं लोक म्हणाले असते. म्हातारचळ म्हणाले असते. आणि ती फाटकावरची बाई तर काय काय म्हणाली असती.

रविवारी दुपारी बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. ते दारात येऊन उभे राहिले.

“तो आवाज खरा नाही,” ते म्हणाले.

“कुठला?”

“मधल्या झोपाळ्याचा. मी पत्रात लिहिला तो. मला वाटलं, मला बोलावतील.”

“कशाला?”

“बघायला.”

“बसून बघायला,” ती म्हणाली, आणि सुरी थांबवली नाही.

चौतीस वर्षांत या घरात हा विषय निघाला नव्हता. चाळीसरावांनी दाराची चौकट धरली. तुला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

“तुमच्या पँटींनी. खुर्चीवर बसणाऱ्याची पँट गोल झिजते. तुमची उभी झिजायची, ओरखडे सगळे एका दिशेने. आणि शिवणीत पिवळा रंग. ऑफिसात पिवळ्या खुर्च्या असतात का कुठे?”

मग तिने जे सांगितलं ते असं, की लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा एके दिवशी ती त्यांच्या मागोमाग गेली होती. आपला नवरा दिवसभर जातो तरी कुठे, हे तिला बघायचं होतं, आणि त्या वयात बायकोच्या मनात जे जे येऊ शकतं ते सगळं तिच्या मनात आलं होतं. ते एका बागेत शिरले. ती कुंपणाबाहेर उभी राहिली. त्यांनी रुमाल अंथरला आणि झोपाळ्यावर बसले.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही लपवत होतात. म्हटलं, असू दे. माणसाला एखादी गोष्ट आपली असू द्यावी.” तिने चिरलेली भाजी पातेल्यात सरकवली. “तोंड तर मयताला आल्यासारखं होतं तुमचं. पण पाय तुमचे नव्हते. पाय दहा वर्षांच्या पोराचे होते. ते पाय बघितले आणि मी घरी आले. त्याच रात्री उशीचं विचारलं. नको म्हणालात, मग दुहेरी कापड लावायला घेतलं.”

चौतीस वर्षं आपण एक गोष्ट बायकोपासून लपवत होतो, आणि ती त्यातली बत्तीस वर्षं बसून ती गोष्ट शिवत होती. ते पाणी प्यायले. मग उद्याचा विषय काढला, की खरं सांगितलं तर लोक हसतील.

“हसतील,” ती म्हणाली. “आणि नाही सांगितलं तर?”

“झोपाळे जातील.”

“मग काय ते ठरवा. मला फोडणी करायची आहे, बाजूला व्हा.”

सोमवारी सव्वादहालाच ट्रक आला. दोन मजूर उतरले, हातात हातभर लांबीचे पाने. ट्रकच्या मागे ते व्यायामाचं चाक गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. मॅडम आपल्या गाडीने आल्या, काखेत फाइल. चाळीसराव फाटकातून आत आले तेव्हा त्यांच्या हातात काठी नव्हती. ती घरी दाराआड टांगलेली होती. मागून बायको भाजीची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, मी बाजारात चालले होते, जरा टेकते. बाजार उलट्या दिशेला आहे.

मॅडम त्यांना अजून सरच म्हणतात. सर, बरं झालं आलात, पंचनाम्यावर तुमची सही घेऊन टाकते, असं म्हणून त्यांनी फाइल उघडली. एका मजुराने शिडी लावली.

“थांबा,” चाळीसराव म्हणाले. “झोपाळे ठीक आहेत.”

मॅडमनी फाइलकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. दोन पत्रं आहेत सर, त्या म्हणाल्या. आहेत, ते म्हणाले, दोन्ही चुकीची आहेत. मॅडम हुशार बाई आहेत, आणि मनाने चांगल्या आहेत. त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे मजुरांना ऐकू जाऊ नये इतका, आणि म्हणाल्या, “असं लिहू का सर, की वयोमानाने ऐकण्यात चूक झाली? काही बिघडत नाही. होतं असं.”

इथे सुटका होती. नुसती मान हलवायची होती. झोपाळे वाचले असते, नाव वाचलं असतं, आणि म्हाताऱ्याचे कान गेले म्हटल्यावर कोणी हसलंही नसतं, उलट हळहळले असते. म्हातारपणाचा हा एक फायदा असतो. कुठलीही गोष्ट त्याच्या खाती टाकता येते. चाळीसरावांनी बाकाकडे पाहिलं. बायको पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती आणि बघत नव्हती.

“कान ठीक आहेत,” ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “झोपाळाही ठीक आहे. मला बसायचं होतं.”

शिडीवरचा मजूर हसायला लागणार होता, पण खालच्याने त्याच्या घोट्यावर पाना टेकवला. फाटकावरची बाई झाडू घेऊन जवळ आली. मॅडमनी फाइलमधलं एक कोरं पान वर घेतलं.

“असं लेखी द्याल?”

“तुम्हालाच शिकवलंय ना. शेरा खोटा लिहायचा नाही.”

मॅडमनी पेन दिलं. त्यांनी फाइल घसरगुंडीच्या पायरीवर ठेवली आणि उभ्यानेच लिहिलं: तक्रारीचे कारण, तक्रारदारास झोपाळ्यावर बसायचे होते. झोपाळ्यात दोष नाही. दोष तक्रारदारात आहे. मॅडमनी वाचलं आणि शेवटचं वाक्य खोडलं. हा तांत्रिक शेरा होत नाही सर, त्या म्हणाल्या.

आता तक्रार मागे घेतो, म्हणजे संपलं, असं चाळीसराव म्हणाले. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्यांदा केलेली तक्रार मागे घेता येत नाही, तिचं निवारण करावं लागतं. नियम तुमच्याच काळातला आहे. तक्रार काय, तर बसायला मिळत नाही. त्यांनी टोपण दाताने काढलं आणि उभ्या उभ्या लिहायला लागल्या, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेल्या. सदर झोपाळे सुस्थितीत आहेत, काढू नयेत. वंगण घालावे. तक्रारदाराची तक्रार पुन्हा पुन्हा उद्भवण्याचा संभव असल्याने निवारणार्थ मुलांच्या शाळेच्या वेळात रोज बसू द्यावे. खाली सही.

“पाटीचं काय?” फाटकावरच्या बाईने विचारलं. नियम म्हणजे नियम.

मजुराकडे रंगाचा डबा होता. ‘तपासनीस’ या शब्दाच्या पुढे, जागा कमी होती म्हणून जरा वाकडं, त्याने ‘व तक्रारदार’ असं लिहिलं. बाईने दोनदा वाचलं. उद्या बाकावरचे सगळेच तक्रारदार होतील, ती म्हणाली.

“होऊ देत. लेखी द्यावं लागेल,” मॅडम म्हणाल्या. मग चाळीसरावांकडे वळल्या. “बसा सर. निवारण माझ्यासमोर व्हायला हवं, त्याशिवाय फाइल बंद होत नाही.”

चाळीसराव मधल्या झोपाळ्यापाशी गेले. खिशातून रुमाल काढला, अर्धा उघडला, मग घडी करून परत खिशात ठेवला. बसले. साखळ्या धरल्या. पहिले दहा हळू घेतले. मधले वीस पूर्ण जोरात, इतके की बघूनच मजुराने आधाराला ट्रक धरला. पँट दुहेरी कापडाची होती, जुनी; बायकोने सकाळी तीच काढून ठेवली होती. शेवटचे दहा पाय न हलवता घेतले. साखळी कुई करत होती, ठीक होती. बाई झाडूवर हनुवटी टेकून बघत होती. मॅडम मनात मोजत होत्या, कारण तेही त्यांना सरांनीच शिकवलं होतं, आणि चाळीस झाले तेव्हा त्यांनी फाइल बंद करायला घेतली.

पाय सवयीने खाली आले. बुटांची टोकं मातीला लागली, थोडी धूळ उडाली, झोपाळा जवळजवळ थांबला. चाळीसराव खाली जमिनीकडे बघत बसून राहिले. चौतीस वर्षं ते इथेच उठले होते.

मग त्यांनी मातीला रेटा दिला आणि पाय उचलले.

“एकेचाळीस,” बाकावरून बायको म्हणाली.